करवतीला धार लावताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी जे वावधन सुटतं, तसं ते एका संध्याकाळी सावनेरवर सुटलं आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला कडुनिंब मुळासकट आडवा झाला. रस्ता बंद. विजेची तार खाली. कोणाला लागलं नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा भाचा आपलं यंत्र घेऊन आला. वर्षभरापूर्वी त्यानं कर्ज काढून चेनची करवत घेतली. आमच्याकडे सगळे तिला नुसतं ‘मशीन’ म्हणतात. झाडं छाटून देणं, पडलेली झाडं कापून रस्ता मोकळा करून देणं, हा त्याचा धंदा. त्यानं दोरी ओढली, मशीन गुरगुरलं आणि पाचच मिनिटांत निंबाच्या खोडातून धूर निघायला लागला. इंजिनाचा नव्हे, लाकडाचा. खाली पडत होता तो गव्हाच्या पिठासारखा बारीक भुगा. भाचा सगळ्या अंगाचा भार मशीनवर टाकून उभा होता.

मी म्हटलं, “थांब. चेन बोथट झाली आहे.”

“मामू, तुमी कविता लिवा ना बाप्पा,” तो म्हणाला. आमची घरातली बोली अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी. ती इथं मराठीतच सांगतो.

२३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकऱ्यांनी ज्या गावात अखेरचा श्वास घेतला, ते हे गाव. इथं कविता लिहिणाऱ्याला मान असतो, नाही असं नाही. पण झाड कापताना त्याचं कोणी ऐकत नाही. मी घरात गेलो आणि माळ्यावरून अब्बांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात गुंडाळून ठेवलेल्या कानशी होत्या. तिकोनी, चपटी, अर्धगोल. गोल कानस मात्र त्यात नव्हती, आणि या मशीनच्या चेनला लागते ती नेमकी तीच. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या मधलं अंतर मला तेव्हा त्या डब्यात दिसलं.

माझे आजोबा आराकश होते. ‘आरा’ म्हणजे मोठी करवत. हा शब्द फारसीतून आलेला, आणि ‘कश’ म्हणजे ओढणारा. ‘करवत’ हा आपला जुना शब्द, संस्कृत ‘करपत्र’ पासून घडलेला. हाताचं पातं. दोन्ही शब्द विदर्भात एकाच अंगणात नांदतात. छोटी ती करवत, मोठा तो आरा. शिवाय आपल्या विणकरांनी ही करवत साडीच्या काठावरही नेली. टसरच्या करवतकाठी साडीच्या काठाला दात्यांची जी ओळ असते, ती खरोखर करवतीचीच. माझ्या आजीकडे अशी एक साडी होती. आजोबांना ती आवडत नसे. दिवसभर दाते बघायचे आणि घरी येऊन पुन्हा दातेच बघायचे, असं ते म्हणत.

सावनेरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता पुढे सातपुड्याला भिडतो. त्या बाजूच्या गावांतून आजोबांना बोलावणं येई. कुणाचं घर उठायचं असे, कुणाच्या बंडीची चाकं व्हायची असत. तिथं माणसाच्या उंचीएवढा खड्डा खणत. खड्ड्यावर आडव्या बल्ल्या टाकून त्यावर ओंडका चढवत. गेरूत भिजवलेलं सूत ओंडक्यावर ताणून टिचकी मारली की लाल रेघ उमटे. मग एक जण ओंडक्यावर उभा राही, एक खड्ड्यात उतरे, आणि दोघांच्या मध्ये पाच-सहा हात लांबीचा आरा वर-खाली चाले. वरचा माणूस रेघ बघतो, खालचा ओढतो. आरा कापतो तो खाली येताना. म्हणजे खरा जोर खालच्याचा, आणि सगळा भुसाही खालच्याच्या डोळ्यांत. आजोबा आयुष्यभर खालचे होते. डोळ्यांवर मलमलीचं फडकं बांधून ते ओढत. समोर बघायचं काही नसे, मान वर केली तरी भुसाच. वरच्याची मजुरी थोडी जास्त असे, कारण रेघ चुकली की लाकूड वाया जाई आणि बोल त्याला लागे. इंग्रजीत वरच्या करवत्याला जे नाव आहे, ते पुढे कुठल्याही कामातल्या श्रेष्ठ माणसाला वापरू लागले. खालच्यासाठी असा शब्द झालेला मला सापडला नाही.

जपानमध्ये होकुसाई नावाचा मोठा चित्रकार होऊन गेला. १८३० च्या सुमारास त्यानं फुजी पर्वताची एक चित्रमालिका केली. त्यातल्या एका चित्रात तोतोमी प्रांतातल्या डोंगरात लाकूड कापणारे आहेत. भलामोठा चौकोनी वासा तिरका टेकवलेला आहे. एक माणूस वर चढून कापतो आहे, एक खालून. लोक हे चित्र बघतात ते वाशाच्या खालून दिसणाऱ्या फुजीसाठी. मी मात्र त्यातल्या तिसऱ्या माणसाकडे बघत बसतो. तो जमिनीवर बसून करवतीचे दाते ठीक करतो आहे. दोन कापणारे आणि एक धार लावणारा, हे प्रमाण मला अगदी बरोबर वाटतं. आजोबाही दिवसातून दोन-तीनदा काम थांबवून आरा मांडीवर घेत. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा विसावा घेतो आहे.

आजी आम्हाला हजरत जकरियांचा किस्सा सांगायची. शत्रू मागे लागले, तेव्हा एक झाड दुभंगलं आणि त्यानं त्यांना पोटात घेतलं. शत्रूंनी मग झाडासकट करवत चालवली. हा किस्सा सुरू झाला की आजोबा उठून अंगणात जात. शेजारच्या म्हाताऱ्या बुवांकडून काशीच्या करवतीची गोष्ट ऐकली होती, मोक्षासाठी तिच्याखाली मान देणाऱ्यांची. करवतीचं हे असंच आहे. कुऱ्हाडीच्या गोष्टीत राग असतो, तलवारीच्या गोष्टीत शौर्य असतं. करवतीच्या गोष्टीत मात्र नुसतं सोसणं, आणि तेही सावकाश.

आता थोडं लाकडाबद्दल. लाकूड म्हणजे काय, तर उभ्या तंतूंची घट्ट बांधलेली पेंढी. तुरीच्या तुराट्यांची पेंढी डोळ्यांपुढे आणा. ती आडवी कापायची तर प्रत्येक काडी तोडावी लागते. त्यासाठी सुरीसारखे, टोकदार, बाजूनं धार असलेले दाते हवेत. तीच पेंढी उभी चिरायची असेल तर काड्या तोडायच्या नसतात, एकमेकींपासून सोडवायच्या असतात, आणि त्याला पटाशीसारखे सपाट टोकाचे दाते लागतात. आडवं कापणं आणि उभं चिरणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाची करवत दुसऱ्याला चालत नाही. शिवाय दाते एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वळवावे लागतात. तसं केलं तर चीर पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद पडते आणि पातं लाकडात अडकत नाही. हे ज्ञान फार जुनं आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात दातेरी करवती सापडल्या. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या छताला ज्या लाकडी कमानी आहेत, त्या जवळजवळ दोन हजार वर्षांच्या आहेत. लेणी बघायला गेलो तेव्हा सगळे स्तंभ बघत होते. मी छताकडे बघून विचार करत होतो, की ही लाकडं कुणी घडवली, आणि त्या हत्यारांना धार कुणी लावली असेल.

अब्बांच्या वेळेस खड्डा बुजला आणि आरामशीन आली. दोन मोठी चाकं, एक वर, एक खाली, आणि त्यांच्यावरून सतत फिरणारं दातेरी पोलादी पट्ट्याचं पातं. वरचा आणि खालचा या दोघांच्या जागी दोन चाकं. ही कल्पना विल्यम न्यूबेरी या इंग्रजाला १९ व्या शतकाच्या सुरुवातीलाच सुचली होती, पण तिचा उपयोग होईना, कारण पट्ट्याचे दोन टोक जिथे जोडायचे तिथेच तो तुटे. १८४६ साली आन पोलिन क्रेपिन या फ्रेंच बाईनं टोकं जोडण्याची चांगली रीत काढली, तेव्हा कुठे हे यंत्र खरं चालायला लागलं. एका सांध्यासाठी सगळी कल्पना चाळीस वर्षं अडून राहिली! कारागीर माणसाला यात नवल वाटणार नाही. त्याचा निम्मा जन्म सांध्यातच जातो.

अब्बा आरामशीनवर धार लावण्याच्या कामाला होते. ओंडके ढकलणारे वेगळे, फळ्या उचलणारे वेगळे. अब्बा मागच्या पत्र्याच्या खोलीत. तिथं पातं उतरवून आणत, एकेक दात बघत. सागाचं लाकूड मऊ लागतं, चिरतं छान, पण धार फार खातं. याचं कारण मी पुढे वाचलं. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूतलं द्रव्य, अगदी सूक्ष्म कणांच्या रूपात. अब्बांना हे माहीत नव्हतं. ते म्हणत, “सागाच्या पोटात रेती आहे.” म्हणजे माहीत होतंच म्हणायचं.

पण धारेचा खरा शत्रू झाडात नसतो, माणसानं झाडात घातलेला असतो. रस्त्याकडेच्या झाडांना पाट्या ठोकतात, निवडणुकीचे फलक ठोकतात, धुऱ्यावरच्या बाभळीला काटेरी तार गुंडाळतात. झाड ते सगळं गिळून वर साल धरतं. वीस-पंचवीस वर्षांनी तो ओंडका आरामशीनवर येतो आणि पात्याचे दाते एका क्षणात उडतात. अब्बांनी असे निघालेले खिळे एका डब्यात जमवले होते. त्यात बैलाच्या नालेचा तुकडा होता आणि एका सागातून निघालेले शिकारीचे छर्रेही. आम्हा मुलांना तो डबा खजिन्यासारखा वाटे. त्यांना तो पगारातून कापल्या गेलेल्या वेळेचा हिशेब वाटत असावा.

एक गोष्ट मी आजवर कुठे सांगितली नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी मराठीचा पेपर. अब्बा त्या रात्री एक पातं घरी घेऊन आले होते. सकाळी ते हवंच होतं. गुंडाळलेलं पातं उलगडायला दोन माणसं लागतात, नाहीतर ते स्प्रिंगसारखं उसळतं. ते म्हणाले, “जरा धर.” मी म्हणालो, “अब्बा, उद्या पेपर आहे.” ते काही बोलले नाहीत. त्यांनी एकट्यानंच बांधणी सोडली. पातं उसळलं आणि त्यांच्या डाव्या तळव्यातून आरपार ओढलं गेलं. पुढे दोन बोटं कधीच पूर्ण वळली नाहीत. मी पास झालो. त्यांनी सगळ्या आरामशीनला पेढे वाटले, डाव्या हातावर डबा ठेवून उजव्या हातानं.

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात जो आदेश दिला, त्यानं देशभरातल्या जंगलतोडीचं आणि आरामशीनचं चित्र पालटलं. विनापरवाना आरामशीन बंद कराव्या लागल्या. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशानं केंद्रीय उच्चाधिकार समितीच्या परवानगीशिवाय नवी आरामशीन उघडायला मनाई झाली. मला तो आदेश योग्य वाटतो, आजही वाटतो. जंगल कमी आणि दाते जास्त अशी अवस्था झाली होती. आमच्या आरामशीनला परवाना होता, ती आणखी काही वर्षं चालली. पण तोवर लोकांच्या दाराला प्लायवूड आणि खिडकीला लोखंड आलं. मालकानं जागा विकली. छोट्या रेल्वेनं ओंडके यायचे ते दिवस तर आधीच गेले होते. पुढे २०१५ साली नागपूर–छिंदवाडा ही नॅरोगेज गाडीही बंद झाली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज आली. सागाचा मोठा बाजार आता बल्लारपूरकडे आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीचा साग तिथूनच गेला, तेव्हा वर्तमानपत्रात ओंडक्यांची छायाचित्रं आली होती. हारफुलं घातलेले ओंडके. अब्बा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, पातं कोणतं लावणार आहेत.

आरामशीनकडे झाडाला यावं लागे. चेनची करवत झाडाकडे जाते. एवढाच फरक, पण त्यानं जग बदललं. गंमत म्हणजे दाते असलेली साखळी आधी लाकडासाठी झालीच नाही. १८ व्या शतकाच्या अखेरीस एटकिन आणि जेफ्री या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी घड्याळाच्या साखळीसारखी बारीक दातेरी साखळी वापरली ती हाडं कापायला. अडलेल्या बाळंतिणीसाठीही तिचा उपयोग करत. १८३० मध्ये बर्नहार्ड हाइने या जर्मनानं हाड कापायचं असं यंत्र केलं, त्यात हातानं दांडा फिरवला की पात्याभोवती साखळी फिरे. बेशुद्ध करायचं औषध तेव्हा अजून यायचं होतं. आपण पुढे जाऊ.

लाकडासाठी ही साखळी जर्मनीत आली. आंद्रेयास श्टील यानं १९२६ साली स्टुटगार्टमध्ये विजेवर चालणारी चेन-करवत केली. चालवायला दोन माणसं. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यानं डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलच्या यंत्राची चाचणी घेतली आणि कंपनीला डोंगराचंच नाव दिलं. एका माणसाला पेलेल असं पेट्रोलचं यंत्र श्टीलनं १९५० मध्ये आणलं. इंजिन हलकं होत गेलं, पण दुखणं साखळीत होतं. तिचे दाते जुन्या आडव्या करवतीचीच नक्कल होते. ते लाकूड ओरबाडत आणि सारखे बोथट होत. लाकूडतोड्याचा वेळ कापण्यात कमी आणि कानस फिरवण्यात जास्त जाई.

हे कोडं एका अळीनं सोडवलं. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा माणूस लाकूडतोडीच्या धंद्यात होता. १९४६ च्या हिवाळ्याआधी लाकडं फोडताना त्याला एका बुंध्यात भुंग्याची अळी दिसली, बोटाएवढी जाड. ती लाकडाच्या तंतूंसोबतही आरामात जात होती आणि तंतूंना आडवीही. त्यानं अळीचा जबडा बघितला. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले दोन दात, एक डावा, एक उजवा, आणि ती ओरबाडत नव्हती, आलटूनपालटून तासत होती. कॉक्सनं पोलादात तोच जबडा घडवला आणि १९४७ साली पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरातून चेन विकायला सुरुवात केली. आज आपल्या भागात छोट्या दुकानातून जी चेन मिळते, तिचाही दाता त्याच घराण्यातला आहे. माझ्या आजोबांनी आयुष्यभर लाकूड पोखरणारी अळी शिव्या देत बाजूला फेकली. तिच्या तोंडात बघायचं त्यांना सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी पेटंट कोण देणार होतं!

तर पुन्हा आमच्या गल्लीत येऊ. मी भाच्याला मशीन बंद करायला लावलं आणि चेन हातात घेतली. दात्याचा वरचा कोपरा उन्हात धरला. धारदार कडा दिसत नाही. बोथट झालेल्या कडेवर उजेड चमकतो, पांढरी रेघ दिसते. प्रत्येक दात्यावर ती रेघ होती. धार असेल तर मशीन स्वतःच लाकडात उतरतं आणि खाली किस पडतो, जाडसर कपचे पडतात. पीठ पडायला लागलं की समजावं, आता आपण लाकूड कापत नाही, घासतो आहोत. आणि मग माणूस जोर लावतो. जोर लावताना तोल पुढे जातो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कुठे फांदीला टेकला तर मशीन उसळून तोंडावर येतं. चेनला ब्रेक असतो, खरं आहे. पण पातं उसळायला किती वेळ लागतो, ते मी घरात पाहिलेलं आहे.

“नवीनच टाकतो ना चेन,” भाचा म्हणाला. “दुकानदार म्हणते, कोणतीबी बसते.”

कोणतीही बसत नाही. चेन घेताना तीन आकडे लागतात. पहिला पिच. ओळीनं तीन रिव्हेट घ्या, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याचं निम्मं करा. आपल्याकडे जी स्वस्त मोठी मशीन विकली जातात, त्यात बहुधा ०.३२५ इंच येतं. जड मशीनना ३/८ इंच. दुसरा आकडा गेज, म्हणजे चेनच्या खालच्या शेपट्यांची जाडी. ती पात्याच्या खाचेत बसते. ०.०५० इंचाची शेपटी ०.०५८ च्या खाचेत घातली तर चालेल, पण डुलेल, आणि चीर वाकडी जाईल. तिसरा आकडा शेपट्यांची संख्या, ती मोजूनच घ्यावी. कागदावर हे तीन आकडे लिहून खिशात ठेवले की दुकानदाराची बोलती बंद होते.

आता दात्याची जात. एक चौकोनी कोपऱ्याची. स्वच्छ, ओल्या लाकडात ती लोण्यासारखी चालते, पण धूळ लागली की तिचा कोपरा आधी जातो. दुसरी गोल कोपऱ्याची. जरा सावकाश कापते, पण धार टिकवते. आपल्या गावाच्या रस्त्यावरचं धूळ खाल्लेलं झाड, वाळलेली बाभूळ, मातीत लोळलेला ओंडका, यांच्यासाठी गोल कोपऱ्याचीच घ्यावी. २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल, नरखेडकडे पाण्यावाचून संत्र्याच्या बागा वाळल्या होत्या. बारा-पंधरा वर्षांची फळती झाडं शेतकऱ्यांनी स्वतः तोडायला लावली. वाळलेलं संत्र्याचं लाकूड हाडासारखं टणक असतं. माझ्या ओळखीच्या एका मजुरानं सांगितलं, त्या कामात दिवसातून चार-चार वेळा कानस मारावी लागे आणि कडेला बागवान खाटेवर बसून असे. कोणी बोलत नसे. कानशीचा आवाज तेवढा.

गोल कानस मी सायंकाळी हार्डवेअरच्या दुकानातून आणली. ०.३२५ च्या चेनला ४.८ मिलिमीटर. ३/८ च्या मोठ्या चेनला ५.५ लागते, आणि त्याच मापाच्या बुटक्या दात्याच्या चेनला ४. कानस चुकीच्या जाडीची घेतली तर दात्याची कड एक तर आकड्यासारखी वळते, नाही तर मागे कलते. दोन्ही वाईट. दात्याच्या वरच्या पट्टीवर बहुतेक चेनना ३० अंशांची खूण असते. त्या कोनात कानस आतून बाहेर, फक्त पुढे ढकलायची. परत येताना टेकवायची नाही. प्रत्येक दात्याला तेवढेच फेर, तीन तर तीन. एक बाजूचे सगळे दाते संपले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. उभं चिरून फळ्या काढायच्या तर कोन १० अंशांवर आणतात, म्हणजे पुन्हा तीच आजोबांच्या आऱ्याची पटाशी झाली.

आणि प्रत्येक दात्याच्या पुढे जे छोटं टेंगूळ असतं, त्याकडे कोणीच बघत नाही. किती खोल चावायचं हे ते ठरवतं. ते दात्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवं, दोन-तीन पोस्टकार्डांच्या जाडीइतकं. दाता झिजत जातो तसा तो बुटका होतो. टेंगूळ तेवढंच राहिलं तर धार कितीही लावा, दाता लाकडाला शिवतच नाही. मग कोणीतरी हुशार माणूस टेंगूळ सपाट घासून टाकतो, आणि त्या दिवशी मशीन खरोखर उसळतं. चपटी कानस अब्बांच्या डब्यातली चालली. चाळीसएक वर्षांची असेल, पण चांगल्या पोलादाची.

भाच्याचे उजवीकडचे दाते झकास झाले. डावीकडचे लांडे. उजव्या हाताच्या माणसाचं असंच होतं, एका बाजूला हात बसतो, दुसऱ्या बाजूला अडतो. परिणाम असा, की दुसऱ्या दिवशी निंबाच्या जाड खोडात चीर हळूहळू एकीकडे वळत गेली आणि पातं अडकलं. निंबाचा कडू भुसा घशात जाऊन दोघंही खोकत होतो. खालचा तो, वरचा कोणीच नाही, असा विचार मनात आला. मी बोललो नाही.

त्या निंबाचं वय मी खोडावरून मोजायचा प्रयत्न केला. माझ्यापेक्षा तो थोरला होता एवढं नक्की. दुपारपर्यंत त्याच्या हातभर लांबीच्या गोल गोल तुकड्यांचा ढीग झाला. आजोबा आणि त्यांचा जोडीदार हेच काम तीन दिवस करते. हे मशीन वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पडलेलं झाड उचलायलाच हवं होतं. पण उभ्या झाडापुढे उभं राहून विचार बदलायला जो वेळ मिळायचा, तो त्यानं काढून घेतला आहे. १९६४ च्या कायद्याप्रमाणे साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ असं झाड आपल्याच वावरातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा कायदा आहे. भाच्याला मी सांगितलं आहे, आधी कागद, मग मशीन. तो हो म्हणतो. कर्जाचा हप्ता जवळ आला की किती हो म्हणेल, ते बघायचं.

त्या रविवारी तो संध्याकाळी आला. मशीन अंगणात ठेवलं. लांडे दाते उजव्यांच्या मापाला आणायचे होते, म्हणजे उजवेच झिजवून सगळे सारखे करायचे. फरक नखाएवढा होता, पण काम तासभराचं. त्यानं गोल कानस काढली, पात्यावर हात ठेवून पाहिला. ते हलत होतं. घरात आमच्याकडे शिकंजा नाही. तो इकडेतिकडे बघायला लागला. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो.

“मामू,” तो म्हणाला, “जरा धरता का?”

मी पुस्तक उपडं ठेवलं आणि जाऊन पातं धरलं.